स्का, कुम्बिया आणि साल्सा एकाच अल्बममध्ये: रेकॉर्डिंगचा क्रम कसा लावायचा

लॅटिन स्काच्या (जमैकाचा स्का आणि लॅटिन अमेरिकेतले ताल यांच्या मिश्रणाच्या) वाटेने जाणाऱ्या आपल्याकडच्या बँडचे डेमो ऐकले की एकच दोष वारंवार सापडतो. गिटार ऑफबीटवर (दोन मात्रांच्या मधल्या जागेवर), कीबोर्डही ऑफबीटवर, वर कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल), त्यावर ट्रम्पेट आणि कडव्यात अचानक साल्साचा बेस. प्रत्येक जण आपापलं बरोबर वाजवत असतो, तरी गाणं पायात उतरत नाही. कारण शैली एकावर एक रचलेल्या असतात आणि कुठल्या जागी ताल कोणी धरायचा हे आधी ठरलेलंच नसतं. मग मिक्सच्या वेळी आवाज कमी-जास्त करून ते सावरायची धडपड सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो.

हा लेख त्या आधीच्या कामाबद्दल आहे. क्रम बदलू नका. यातल्या बऱ्याच पायऱ्या स्टुडिओचं भाडं सुरू होण्याआधीच्या आहेत.

## १. मिश्रण कोणत्या जातीचं, हे आधी ठरवा

मिश्रणाचे तीन प्रकार असतात आणि तिघांची तयारी वेगळी असते.

पहिला गाण्यागणिक बदलणारा: एक गाणं स्का, पुढचं बोलेरोच्या (संथ प्रेमगीताच्या) अंगाने, तिसरं कुम्बिया. मेक्सिको सिटीच्या माल्दिता वेसिंदादचा १९९१ चा 'एल सिर्को' या नजरेने ऐका. निर्माता होता गुस्तावो सांताओलाया. दुसरा प्रकार गाण्याच्या आत वळणारा: बुएनोस आयरेसच्या लोस फाबुलोसोस कादिलाक्सने १९९७ च्या 'फाबुलोसोस कालावेरा'मध्ये हार्डकोअर, जॅझ, टँगो, साल्सा यांना एकाच गाण्यात शेजारी बसवलं आहे. तिसरा प्रकार एकाच वेळी दोन शैली चालवण्याचा. तो सगळ्यात अवघड, आणि नवे बँड नेमके तिथूनच सुरुवात करतात.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला अल्बम असेल तर बहुतेक गाणी पहिल्या प्रकारची ठेवा, दोन-तीन दुसऱ्या प्रकारची करा आणि तिसऱ्या प्रकाराला फार तर एक गाणं द्या.

आता हे दोन अल्बम घ्या, त्यांच्या जोडीला कादिलाक्सचाच १९९५ चा 'रेई आसुकार' घ्या आणि प्रत्येकातलं एक गाणं कागदावर उतरवा. सूर उतरवायचे नाहीत. दर आठ बारांनी (एक बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) फक्त चार गोष्टी लिहायच्या: बेस काय करतोय, ऑफबीट कोणाकडे आहे, तालवाद्यांत पुढे कोण आहे, ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन) वाजतोय की गप्प आहे. 'रेई आसुकार'चे निर्माते क्रिस फ्रान्ट्झ आणि टिना वेमाउथ होते, म्हणजे टॉकिंग हेड्सचा ड्रमर आणि बेस वाजवणारी, नवरा-बायको. शैलींची एवढी सरमिसळ असलेल्या अल्बमची सूत्रं ताल धरणाऱ्या जोडीच्या हाती होती, हे लक्षात ठेवून ऐका.

तपासा: उतरवलेल्या तक्त्यात 'ब्रास गप्प'च्या किती जागा सापडल्या? एकही सापडली नसेल तर पुन्हा ऐका.

## २. ऑफबीटचा मालक ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

स्काचा स्कँक म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या अर्ध्या मात्रेवर येणारा आखूड आघात. एक-*आणि*-दोन-*आणि*-तीन-*आणि*-चार-*आणि*. गिटार त्या प्रत्येक 'आणि'वर असते. जुन्या जमैकन पद्धतीत किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) २ आणि ४ वर पडतात आणि बेस प्रत्येक मात्रेवर चालत जातो. म्हणजे ठोका बेसकडे, ऑफबीट गिटारकडे. वाटणी साफ असते.

लॅटिन अमेरिकेतल्या तालांत ऑफबीटचे मालक वेगळे असतात. ते ओळखले नाहीत तर एकाच जागेसाठी दोघांची झटापट होते.

कुम्बिया. कोलंबियाच्या पारंपरिक कुम्बियात यामादोर नावाचा छोटा ढोल असतो आणि तो सबंध गाणं फक्त ऑफबीटवरच वाजतो. स्कँकचीच जागा. म्हणून ही दोन संगीतं सहज जुळतात आणि म्हणूनच दोन्ही एकदम वाजवली की ऑफबीट जाड, बधिर होतो. कडव्यात तालवाद्याला ऑफबीट द्या, धृपदात गिटारला द्या. बेसने पहिल्या मात्रेवर लांब सूर आणि दुसऱ्या मात्रेत दोन आखूड सूर धरायचे. त्याने स्कासारखं चालायला सुरुवात केली की कुम्बिया संपली.

साल्सा. इथे वाद बेसचा आहे. साल्साच्या तुम्बाओत (ठरलेल्या आवर्तनात) बेस 'दोन-आणि'वर येतो, मग ४ वर येतो आणि ४ वरच पुढच्या बारचा कॉर्ड सांगून टाकतो. सम बहुतेक वेळा मोकळी राहते. कोंगाची थाप २ वर पडते आणि खुले बोल ४ आणि 'चार-आणि'वर येतात. आता यावर गिटारने चारही ऑफबीट कडक वाजवले तर बेसचा पुढे झुकणारा तोल ऐकूच येत नाही. गिटारला तिथे थांबवा किंवा दोनच ऑफबीट ठेवा. गिटारवाल्याला हे आवडणार नाही, तरी ठरवा.

क्लावे. साल्साचं अंग घेतलं की क्लावे आली, म्हणजे सगळं गाणं ज्यावर बेतलेलं असतं तो दोन बारांचा, पाच आघातांचा ठेका. ३-२ सोन क्लावेत पहिल्या बारमध्ये आघात १, 'दोन-आणि' आणि ४ वर पडतात, दुसऱ्या बारमध्ये २ आणि ३ वर. २-३ असेल तर बारांची अदलाबदल होते. धून, ब्रासची वाक्यं आणि पियानो यांची बाजू ठरलेली असते. गाण्यात मध्येच एकच जास्तीचा बार घातला की क्लावे उलटी पडते आणि त्या जागी काहीतरी अडखळल्यासारखं वाटतं. कुठे चुकलं ते मात्र बँडला सापडत नाही. म्हणून पाच किंवा सात बारांचा तुकडा घालायचा असेल तर तो साल्साच्या भागात नको, त्याआधीच्या स्काच्या भागात घाला.

टँगो. इथे ड्रमला विश्रांती द्या. आठ अर्ध्या मात्रांची ३-३-२ अशी विभागणी घ्या. आघात पडतात १, 'दोन-आणि' आणि ४ वर.

इथे एक उपयोगी गोष्ट दिसते. टँगोची ३-३-२ ही विभागणी आणि क्लावेची तीन आघातांची बाजू, दोन्हींच्या जागा त्याच आहेत: १, 'दोन-आणि', ४. साल्साच्या बेसच्या जागा आहेत 'दोन-आणि' आणि ४. स्कँकही 'दोन-आणि'वर असतोच. म्हणजे चारही शैलींत 'दोन-आणि' समाईक आहे. एका शैलीतून दुसरीत वळताना अख्ख्या बँडने एक बार फक्त १, 'दोन-आणि', ४ एवढंच वाजवलं तर वळण नैसर्गिक वाटतं. त्यासाठी ड्रमचा लांबलचक रोल लागत नाही. प्रत्येक वळणावर रोल टाकायची सवय मोडायला हाच बार कामाला येतो.

रेगेबद्दल एक खुलासा, कारण मोजणीत गोंधळ होतो. १५० च्या क्लिकवर (मिनिटाला १५० ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर) स्का वाजतोय आणि रेगेत उतरायचं आहे. क्लिक तीच ठेवली तर रेगेचा स्कँक २ आणि ४ वर येईल आणि किक व रिम (स्नेअरच्या कडेवरचा आघात) दोन्ही एकत्र ३ वर पडतील. सम पूर्ण मोकळी. तबल्याच्या साथीत वाढलेल्या आपल्या कानाला समेवर काहीतरी हवंसं वाटतं आणि ड्रमर नकळत तिथे किक टाकतो. टाकू नका. तिथे बेस येऊ शकतो, किक नाही.

आता प्रत्येक गाण्याचा एक तक्ता करा. आडव्या ओळीत गाण्याचे भाग, उभ्या रकान्यांत चार प्रश्न: ठोका कोणाकडे, ऑफबीट कोणाकडे, लांब सूर कोणाकडे, गप्प कोण. प्रत्येक रकान्यात एकच नाव यायला हवं. दोन नावं आली तर एक खोडा.

सावध: 'आपलं वेगळेपण' म्हणून ढोलकी किंवा हलगी घालायची इच्छा झाली तर तिलाही याच तक्त्यात बसवा. ढोलकीच्या डाव्या पुडीची घुमक बेस गिटारच्या जागेत येते. ती हवी असेल तर त्या भागात बेसने लांब सूर सोडून द्यायचे. उजव्या पुडीला सूर असतो, त्यामुळे ती गाण्याच्या पट्टीत लावावी लागते. सगळ्या गाण्यांची पट्टी ठरल्यावरच ढोलकीवाल्याला बोलवा.

## ३. लयीचा नकाशा

आता क्लिक. नुसता एक आकडा टाकून मोकळं होऊ नका.

स्का बहुधा १२० ते १६० मध्ये बसतो, पंककडे झुकला की १८०-२०० वर जातो. कुम्बिया ९० ते ११० मध्ये छान चालते, साल्सा साधारण १६० ते २१० मध्ये. यातून सोयीच्या जोड्या दिसतात. १०० ची कुम्बिया दुप्पट केली की २०० चा पंक-स्का. १५० चा स्का निम्मा केला की ७५ चा रेगे. या वळणांना क्लिक बदलावी लागत नाही, फक्त मोजणी बदलते.

१४० च्या स्कातून १७० च्या साल्सात जायचं असेल तर तीनच मार्ग आहेत: पूर्ण थांबून नव्याने चार मोजणं, दोन-चार बारांत लय चढवत नेणं, किंवा दोन्ही भाग १५५ च्या आसपास आणणं. तिसरा मार्ग आधी करून बघा. बऱ्याचदा चालून जातो.

सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो ट्रॅक असा करा:

१. सुरुवातीला दोन बार नुसती मोजणी.
२. प्रत्येक भागाच्या आरंभी नावासकट मार्कर.
३. निम्म्या लयीच्या भागात क्लिकचा आवाज बदला, निम्मेच ठोके ठेवा.
४. साल्साच्या भागात क्लिकऐवजी क्लावे लावा. बाजू लगेच कळते.
५. मुद्दाम मोकळी लय ठेवायच्या जागी क्लिक बंद करा आणि परत येण्याआधी एक बार मोजणी द्या.

तपासा: हा नकाशा नुसत्या बेस आणि टाळ्यांवर सलग वाजवून बघा. वळणावर कोणी अडखळलं तर ब्रास बोलवायची वेळ अजून आलेली नाही.

## ४. पट्टी आणि नोटेशन

गिटारवाले गाणं पांढरी तीन किंवा पांढरी सहामध्ये बांधतात, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. ब्रासला तीच पट्टी जड जाते. ट्रम्पेट बी फ्लॅटचं वाद्य आहे, त्याचं नोटेशन एक पूर्ण स्वर वर लिहावं लागतं. तुमच्या पांढरी तीनचा इ मेजर त्याच्या कागदावर एफ शार्प मेजर होतो, सहा शार्पचा. आल्टो सॅक्सोफोन इ फ्लॅटचा, तोच इ मेजर त्याच्यापुढे सी शार्प मेजर होऊन येतो, सात शार्पचा. १५० च्या लयीत हे वाचून वाजवणं कठीण आहे.

उलट काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट घेतली तर ट्रम्पेटपुढे सी मेजर आणि आल्टोपुढे जी मेजर येतो. पांढरी चारही चांगली. मायनरसाठी पांढरी पाच आणि पांढरी एक. स्कँक तसाही बॅरे कॉर्डवर वाजतो, गिटारला एक फ्रेट वर सरकायला काहीच लागत नाही. गायकाच्या गळ्याला चालतंय का एवढं बघून पट्टी आत्ताच कायम करा.

लिहिताना:

- ट्रम्पेट, टेनर सॅक्स आणि आल्टो सॅक्स यांचे कागद वेगवेगळे. टेनरही बी फ्लॅटचाच, पण त्याचं नोटेशन एक सप्तक आणि एक स्वर वर जातं.
- ट्रॉम्बोन बेस क्लेफमध्ये, जसा सूर ऐकू येतो तसाच लिहायचा. खालचा बी फ्लॅट आणि त्याला लागून असलेला बी यांच्यात स्लाइड पहिल्या जागेवरून थेट सातव्या जागेवर न्यावी लागते. जलद वाक्यात ही जोडी टाळा.
- दर आठ बारांनी अक्षर किंवा आकडा टाका. 'दुसऱ्या कडव्यानंतरची ती जागा' शोधण्यात टेक वाया जातात.
- गप्प राहायचे बार मोजून लिहा आणि त्यांच्या शेवटी गायकाच्या ओळीचे दोन-तीन शब्द खाली द्या.
- ट्रम्पेटला स्टाफच्या वरचा जी ओलांडून सलग आठ बार देऊ नका.

गोव्यात चर्चशी जोडलेल्या संगीतशाळांतून स्टाफ नोटेशन शिकलेल्यांची मोठी परंपरा आहे आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना तिने भरपूर वादक दिले. असा वादक मिळाला तर कागद अचूक हवा, तो जे लिहिलंय तेच वाजवेल. लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला बऱ्याचदा कानाने उचलतो. त्याला आठवडाभर आधी त्याच्या एकट्याच्या वाक्यांचा ऑडिओ पाठवा आणि तोच सावकाश लयीतही द्या. दोघेही उत्तम वाजवतात, तयारी मात्र वेगळी लागते. ब्रासवाल्यांना स्टुडिओत आल्यावर गाणं ऐकवायचं आणि 'काहीतरी टाका' म्हणायचं, हे करू नका. त्यांच्या ओठांचा चांगला वेळ वाक्यं शोधण्यात संपतो.

## ५. तालीम: आधी कमी वाद्यं

पहिली तालीम फक्त बेस आणि ड्रमची. दुसऱ्या तालमीत गिटार. तिसऱ्यात तालवाद्यं. चौथ्यात कीबोर्ड आणि गायक. ब्रासची तालीम वेगळी, कीबोर्डच्या साथीने. सगळे एकत्र फक्त शेवटी.

गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. स्कँकचा आवाज उजव्या हाताने सुरू होतो आणि डाव्या हाताने संपतो. कॉर्ड दाबलेला, वरच्या तीन-चार तारांवर खालून वर फटका, आणि लगेच बोटं तारांवरून न उचलता फक्त ढिली करायची. तारा बोटांना चिकटूनच राहिल्या पाहिजेत. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा बोलतात, दाबून ठेवली तर सूर पुढच्या ठोक्यावर सांडतो. आघाताइतकीच त्याच्यानंतरची शांतताही मोजून ठेवायची असते. फोनवर रेकॉर्ड करून फक्त ती शांतता ऐका. प्रत्येक वेळी सारखी आहे का?

तपासा: तक्ता भिंतीवर लावा. कोणी आपल्या रकान्याबाहेर वाजवत असेल तर त्याच दिवशी सांगा, स्टुडिओत नको.

## ६. बेस आणि ड्रम, एकाच वेळी

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा. सगळ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहिला तरी पुष्कळ झालं. लाल दिव्याजवळ जायची गरज नाही.

बेस आणि ड्रम एकत्रच घ्या. बेस डीआयमधून (माइकऐवजी थेट तारेने) आला तरी चालेल, पण दोघे समोरासमोर दिसले पाहिजेत. गिटार आणि आवाज मार्गदर्शनापुरते, नंतर पुसायचे.

स्नेअर उंच लावा, कडक आणि थोडा घुमणारा. रॉकच्या सवयीने त्यावर जेल किंवा टेप चिकटवली की स्काचा करकरीतपणा जातो आणि तिंबालेसशी (काठ्यांनी वाजवायच्या लॅटिन ड्रमच्या जोडीशी) त्याचं नातंही तुटतं. किक आखूड ठेवा. रिमवरचा आडवा आघात स्नेअरच्या उघड्या आघातापेक्षा आवाजाने फार लहान असतो. एकाच गाण्यात दोन्ही असतील तर रिमचे भाग वेगळ्या टेकमध्ये घ्या, माइकची पातळी नव्याने लावून.

प्रत्येक गाण्याचे तीन सलग टेक घ्या. तुकडे जोडायचे असतील तर शैलीच्या वळणावर कधीच जोडू नका. वळणात दोघांनी एकत्र घेतलेला श्वासच तिथे कामाचा असतो.

सावध: ड्रम ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या समान आखणीवर) ओढून सरळ करायचा मोह होतो. साल्सा आणि कुम्बियाच्या भागांत तर हात लावू नका. तालवाद्यांवरचे हात यंत्रासारखे समान अंतरावर पडत नसतात आणि ड्रम सरळ केला की पुढे येणारी कोंगाच चुकीची वाटायला लागते.

## ७. मग स्कँक, मग कीबोर्ड

गिटार स्वच्छ आवाजाची, फार डिस्टॉर्शन नको. पंकच्या भागासाठी वेगळा ट्रॅक, वेगळा आवाज. स्कँक दोनदा वाजवून डावी-उजवीकडे पसरायची पद्धत रॉकमध्ये चालते, इथे ऑफबीट पसरट होतो. एकच ट्रॅक घ्या.

ऑर्गन असेल तर त्याने गिटारच्या फटीत वाजवावं. तक्त्यात ऑफबीट ऑर्गनकडे असेल तर गिटार गप्प. पियानोचा मोंतुनो (पुन्हा पुन्हा फिरणारं वाक्य) साल्साच्या भागात आला की तोच राजा, बाकी कॉर्ड वाजवणारं कोणी नको.

## ८. तालवाद्यं

आधी क्लावे किंवा घंटा, मग कोंगा, मग तिंबालेस, शेवटी ग्विरो (खरवडून वाजवायचं वाद्य) आणि शेकर. उलट केलं तर ग्विरोचा डोल बाकीच्यांवर लादला जातो.

कोंगाचा सूर गाण्याच्या पट्टीशी विसंगत असेल तर तो बेसूर बेससारखा ऐकू येतो. टेक घेण्याआधी पाच मिनिटं लावण्यात घालवा. मुंबईच्या पावसाळ्यात कातडी सैल पडते, दर तासाला तपासा.

अर्जेंटिनाच्या मुर्गाचं (कार्निव्हलच्या मिरवणुकीतल्या संगीताचं) अंग हवं असेल तर त्यात मोठ्या ढोलावरच झांज बसवलेली असते आणि एकच माणूस दोन्ही वाजवतो. ढोल आणि झांज वेगवेगळ्या ट्रॅकवर वाजवून ते अंग येत नाही. एका माणसाकडून, एका माइकवर घ्या.

## ९. ब्रास

ब्रासच्या दिवशी एसी आधीपासून एकाच तापमानावर ठेवा. थंड वाद्य खाली बोलतं, तापलं की वर चढतं. वादकांनी खोलीतच वाद्य गरम करावं आणि प्रत्येक विश्रांतीनंतर पुन्हा सूर जुळवावा.

क्रम असा:

१. पहिल्या तासात ट्रम्पेटची उंच वाक्यं. ओठ तेव्हा ताजे असतात.
२. मग तिघांची एकत्र ठोकेबाज वाक्यं. एका खोलीत, अर्धवर्तुळात, समोर एक माइक आणि प्रत्येकाजवळ एकेक. ट्रम्पेट थोडं मागे.
३. मग लांब सूर.
४. शेवटी एकल. तो बाकीचं सगळं ऐकून वाजवायचा असतो.

ट्रम्पेटचा माइक दोन-तीन फुटांवर, तोंडाच्या सरळ रेषेपासून थोडा बाजूला. सॅक्सोफोनचा आवाज फक्त भोंग्यातून येत नाही, अंगावरच्या छिद्रांतूनही येतो. माइक भोंग्यात खुपसला तर खालचे सूर गडगडतात आणि बाकीचे बारीक होतात. वाद्याच्या मध्यावर रोखा.

तिघांनी सूर कुठे *सोडायचा* तेही नोटेशनवर लिहा: 'तीनवर तोडा', 'चार-आणिवर तोडा'. सुरुवात सगळे जुळवतात. ब्रास ढिसाळ वाटतो तो बहुधा शेवट न जुळल्यामुळे.

तपासा: ब्रासवाले घरी जाण्याआधी त्यांचे ट्रॅक एकट्याने आणि मग फक्त बेसबरोबर ऐका. बेसबरोबर बेसूर वाटलं तर आत्ताच पुन्हा घ्या. दुसऱ्या दिवशी तेच वादक, तेच ओठ आणि तीच खोली परत मिळत नाही.

## १०. गायन

मराठीत गाणार असाल तर शब्द बसवताना गुरू अक्षरं मात्रेवर ठेवा आणि लघू अक्षरं ऑफबीटच्या आसपास सोडा. 'वाट पाहून थकलो' ही ओळ घ्या. 'वा', 'पा' आणि 'लो' ठोक्यावर आले की स्कँक मधल्या जागेतून मोकळा ऐकू येतो. लांब 'आ' स्कँकवरच सुरू केला तर गायक आणि गिटार एकमेकांना झाकतात. गर्दीचे कोरस एका माइकभोवती चार-पाच जणांनी उभं राहून गावेत, एकाच गळ्याच्या आठ प्रती करून नव्हे.

## ११. मिक्स

पहिला तास सगळं मोनोत (डावी-उजवी एकत्र करून) ऐका. त्या एका तासात वाटणी नीट झाली होती की नाही ते कळतं.

- स्कँक गिटारचे साधारण २०० हर्ट्झच्या खालचे आवाज काढून टाका. तिथे तिचं काही काम नाही.
- कोंगाचं अंग आणि बेसचा वरचा भाग १५० ते २५० हर्ट्झमध्ये भिडतात. कोंगा एका बाजूला न्या, बेस मध्येच ठेवा.
- गायक गात असताना ब्रास पूर्ण खाली आणण्यापेक्षा २ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा कमी करा. शब्द वर येतात, ब्रासची ताकद राहते.
- डबच्या (रेगेतून निघालेल्या, एकोने भरलेल्या शैलीच्या) एकोची वेळ हिशेबाने लावा: ६०,००० भागिले लय. १५० ला एक मात्रा ४०० मिलिसेकंद, पाऊण मात्रा ३०० मिलिसेकंद. गाणं निम्म्या लयीत उतरलं की एकोही बदला, नाहीतर रेगेच्या भागात तो घाईत वाटतो.
- प्रत्येक शैलीला वेगळा रिव्हर्ब देऊ नका. सगळा अल्बम एका खोलीतला वाटावा म्हणून एक समाईक रिव्हर्ब ठेवा आणि एखाद्याच वाद्याला वेगळा स्प्रिंग रिव्हर्ब द्या.

सावध: एखाद्या भागात गर्दी वाटली तर आधी तक्ता काढा आणि कोणीतरी पूर्ण म्यूट करून बघा. इक्वलायझर त्यानंतर.

## १२. गाण्यांचा क्रम आणि मास्टर

क्रम लावताना तीन गोष्टी शेजारी लिहा: लय, पट्टी, ठेका. सलग दोन गाण्यांत तिन्ही सारख्या नकोत आणि तिन्ही एकदम बदलायलाही नकोत. काळी पाचमधला १५० चा स्का संपला की त्याच पट्टीतली १०० ची कुम्बिया कानाला सहज वाटते. बोलेरोच्या अंगाचं संथ गाणं पहिल्या तिनांत ठेवू नका, ऐकणाऱ्याला अल्बमचा पाय अजून कळलेला नसतो.

दोन गाण्यांमधली शांतताही हाताने लावा. आधीच्या गाण्याच्या लयीत मोजा आणि पुढचं गाणं मोजणीत बसेल असं सुरू करा. फक्त ठेका पूर्ण बदलत असेल तिथे मुद्दाम एक सेकंद जास्त सोडा.

मास्टरिंगला प्रत्येक गाण्याची २४ बिटची फाइल द्या, लिमिटर (आवाजाची उंची दाबणारं साधन) न लावलेली. सोबत क्रमाची यादी आणि मधल्या शांततांचे सेकंद द्या. स्पॉटिफाय आवाज उणे १४ लुफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणून ऐकवतो, त्यामुळे ब्रास चिरडून मिळवलेला जास्तीचा मोठेपणा तिथे परत खाली येतो. विनाइल काढणार असाल तर एका बाजूला १८ ते २० मिनिटांहून जास्त नको आणि झगझगीत ब्रासचं गाणं बाजूच्या शेवटी ठेवू नका, आतल्या खाचांत उंच आवाज नीट उतरत नाहीत.

मास्टर आल्यावर तो साध्या फोनच्या स्पीकरवर, गाडीत आणि बऱ्या हेडफोनवर ऐका. फोनवर बेस जाईल, ते ठीक आहे. स्कँक आणि क्लावेची बाजू मात्र तिथेही स्पष्ट कळली पाहिजे. कळत नसेल तर मास्टर परत पाठवू नका, मिक्स उघडा.